चौकटीतली फुली

३ नोव्हेंबर

प्रिय ढब्बू,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, बाबा बरे आहेत, घर होतं तिथेच आहे. तुझी बोट सध्या कुठल्या पाण्यात आहे ते तुझ्या कंपनीच्या ऑफिसलाही धड सांगता आलं नाही. तिथल्या बाई म्हणाल्या, "पत्र द्या, पुढच्या बंदरावर मिळेल त्यांना." म्हणून लिहायला बसले. एका अर्थी बरंच झालं. फोनवर मी रडते, तू चिडतोस आणि भिंतीपलीकडे बाबा टीव्हीचा आवाज बंद करून सगळं ऐकत बसतात.

तर, तुझं खोकं मिळालं. आणून देणाऱ्याने ते दारात टेकवलं आणि कंबर चोळत मला विचारलं, "आत दगड भरलेत का हो?" बाबांनी वरचं तुझं नाव वाचलं आणि चष्मा काढून खिशात ठेवला.

"कुणी मागवलंय हे?"

"मागवलं नाही, आलंय. तुमच्या साठीला पाठवलंय त्याने. विमानाच्या गेमची स्टिक."

"माझी आहे ती पुरते मला."

आहे ती म्हणजे कुठली, तुला माहीतच आहे. स्प्रिंग तुटल्यापासून ती सारखी डावीकडे कलंडलेली असते. बाबांचं लढाऊ विमान शत्रूच्या मागे जायच्या ऐवजी गिरक्या घेत डोंगरावर जातं आणि बाबा शिव्या डोंगराला घालतात.

मग खोकं चपलांच्या कपाटाशेजारी पडून राहिलं. बाबा येता-जाता त्याच्याकडे इतक्या जोरात दुर्लक्ष करत होते की बघणाऱ्याला हसू यावं. एक दिवस मी लॅबमधून घरी आले, तर खोक्याच्या एका बाजूची चिकटपट्टी कापून पुन्हा लावलेली. तीही वेडीवाकडी, सुरकुत्या पडलेली.  मी कात्री आणली, मांडी घालून बसले आणि खोकं फोडलं.

"आता फोडलंच आहेस तर बघू," असं म्हणत बाबा खुर्ची ओढून समोर बसले.

अरे, काय वजन आहे तिचं! आणि वेगळा पॉवरचा प्लग. मला वाटलं होतं वायर खुपसली की झालं. मी दिवसभर लोकांच्या कवळ्या घासते, मोटरवाली स्टिक बसवणं हे काही माझं काम नाही. पण तुझ्या वडिलांना मदत मागता येत नाही आणि मला मदत केल्याशिवाय राहवत नाही, असं आमचं जमतं. टेबलाला शिकंजे लावून ती घट्ट बसवली. त्याआधी नुसतीच ठेवून बघितली होती, तर पहिल्या झटक्यात ती टेबलावरून चालत निघाली.

त्या मुठीवर एक बारीक काळी खिडकी आहे ना, ती हाताने झाकली गेली तरच आतल्या मोटरी चालू होतात, हे आम्हाला कळायला अर्धा तास गेला. तोवर बाबा "मेलेली आहे ही, मेलेली पाठवलीय," म्हणत राहिले. मग त्यांनी मूठ नीट धरली आणि ती जिवंत झाली. पण उलटी! पुढे ढकलली की आणखी पुढे पळायची, मागे ओढली की पोटात घुसायची. कुठलातरी जोर उलट्या दिशेला लागला होता. बाबांनी घाबरून हात सोडला, कोपर कपाला लागलं आणि सगळा चहा माझ्या मांडीवर. मी बोंबलले आणि बाबा हसले. ढब्बू, खरंच हसले. तू गेल्यापासून मी ते हसणं ऐकलं नव्हतं.

सेटिंगमध्ये ती दिशा सुलटी केली आणि विमान उडालं. मी शेजारी बसून बघत होते. वेग वाढला की स्टिक जड होते. बंदूक चालवली की मूठ हातात कडकड वाजते. विमान फारच हळू झालं तर आधी थरथरते आणि मग एकदम सैल पडते, म्हणजे समजायचं की आता खाली चाललो. बाबांनी मूठ हलकेच मागेपुढे करून बघितली. मग म्हणाले, "अगं, इतकी वर्षं क्रेनवर बसून वजनं उचलली, पण लिव्हरला वजन कधी लागत नाही. सगळं डोळ्यांनी. हे बघ, हे हाताला लागतंय." तुला हे वाचून बरं वाटावं म्हणून लिहितेय. ते स्वतः तुला सांगणार नाहीत.

आता तक्रार. स्टिकमध्ये काहीतरी दोष आहे. सेटिंगच्या खिडकीत एक रिकामी चौकट दिसते आणि तिच्यात एक फुली. स्टिक हलवली की फुली हलते. नुसती धरून ठेवली तर फुलीने जागेवर उभं राहायला हवं, पण ती थरथरत राहते. गेममध्येही नेम हलतो, समोरचं विमान टिपता येत नाही. बाबा म्हणाले, "त्याला लिही, डिफेक्टिव्ह माल पाठवलाय." मला वाटतं, थोडंसं बरंही वाटलं त्यांना. तर तुझ्या दुकानदाराला विचार आणि काय करायचं ते कळव.

तू निघालास त्याच्या आदल्या संध्याकाळबद्दल मी काही लिहिणार नाही. तूही लिहू नकोस.

तब्येतीला जप. पाण्यात राहून पाणी पीत नसशील, मला माहीत आहे.

तुझी,
ताई

———

१३ नोव्हेंबर

प्रिय ढब्बू,

आशीर्वाद. पहिलं पत्र तुला मिळालं की नाही, काही कळायला मार्ग नाही. मिळालं असेल तर दुकानदाराला काही विचारू नकोस. विचारलं असशील तर राहू दे म्हणून सांग.

इकडे सगळं ठीक आहे. थंडी पडायला लागलीय. लॅबमध्ये एका म्हातारबुवांची कवळी तिसऱ्यांदा परत आली. म्हणतात, हसताना दुसऱ्याचंच कोणाचंतरी हसू येतंय. मी ती पुन्हा घासायला घेतली आणि घासताना माझं लक्षच नव्हतं, एक दात जास्त उतरला. आता ती चौथ्यांदा करायची.

उगाच काहीबाही लिहितेय. तुला कळलंच असेल. मला मुद्द्यावर यायचं नाहीये.

स्टिक मी उघडून पुसली. वायर बदलली. कॉम्प्युटरला मागच्या बाजूने लावून बघितली. मग बाबा कामावर असताना मी स्वतः मूठ धरून बसले. फुली एका जागी, भिंतीवर खिळा ठोकावा तशी. मला वाटलं, माझा हात हलका आहे, बाबांच्या हाताचं वजन पडत असेल. म्हणून लॅबमधून प्लास्टरची पिशवी आणली, ती मुठीला बांधली, मुठीवरच्या त्या काळ्या खिडकीवर कागद चिकटवला म्हणजे मोटरी चालू राहतील, आणि बघत बसले. फुली हलली नाही. पिशवी काढून पुन्हा माझा हात ठेवला. हलली नाही.

संध्याकाळी बाबा आले. मी म्हटलं, जरा धरून बघा. त्यांनी धरली, आणि फुली थरथरायला लागली.

 बाबा पडद्याकडे बघत होते आणि मी त्यांच्या मनगटाकडे. ते मनगट मी किती दिवसांत नीट बघितलंच नव्हतं, ढब्बू. किंवा बघितलं होतं. अर्धाच कप चहा का मागतात, वाढताना ताट माझ्याकडे का सरकवतात, बँकेचे कागद "तूच भर, माझा चष्मा सापडत नाही" असं का म्हणतात, हे मला कळत नव्हतं असं मी तुला कुठल्या तोंडाने सांगू?

आणि आता मी काय केलं ते ऐक. मला शिव्या घाल, पण पूर्ण वाच.

त्या सेटिंगमध्ये डॅम्पर नावाचा एक सरकता खटका आहे. तो वाढवला की स्टिक जड होते, काकवीत घातलेल्या चमच्यासारखी. मोठी हालचाल होते, बारीक कंप आतल्या आत जिरतो. मी तो खटका थेट शेवटपर्यंत नेला. वर मध्यावरची थोडी हालचाल मोजूच नकोस, असंही त्याला सांगितलं. फुली गप्प बसली. आणि मी बाबांना म्हणाले, "झालं दुरुस्त. मशीनचाच दोष होता."

मशीनचाच दोष होता! हे मी म्हणाले, मी.

त्या संध्याकाळी बाबांनी एकामागून एक विमानं पाडली. शेवटचं पाडलं तेव्हा माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी टेबलावर आपटले. त्यांचा चेहरा बघून मला इतका आनंद झाला, की मला वाटलं, काय बिघडलं? गेम तर आहे. कुणाचं काय जातंय?

काल सकाळी चहा पिताना कळलं काय जातंय ते. नव्या हॉस्पिटलची इमारत आहे ना, जिथे बाबांची क्रेन उभी आहे, तिच्या गच्चीवर एसीचं मोठं धूड चढवायचंय. खोलीएवढं आहे म्हणतात. ते वर नेऊन चार बोल्टांवर अलगद उतरवायचं. साइटच्या इंजिनिअरबाई बाबांना किती दिवस विचारत होत्या, तुम्ही बसणार की चष्मेवाल्याला बसवू? चष्मेवाला म्हणजे त्यांच्या हाताखालचा ऑपरेटर, चांगला तयार झालाय, पण एवढं वजन त्याने कधी घेतलेलं नाही. बाबा इतके दिवस "बघू" म्हणत होते. मला हे काहीच माहीत नव्हतं. बाबा "बघू" म्हणत होते, म्हणजे त्यांना माहीत होतं रे. त्यांना स्वतःला शंका होती. ते मागे सरत होते.

परवा त्यांनी हो म्हणून टाकलं. मला म्हणाले, "स्टिकवर बघितलंस ना? हात दगडासारखा आहे. मीच उगाच धसका घेतला होता."

मी चहाचा कप ठेवून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

येत्या गुरुवारी ते वजन चढवणार आहेत. वर केबिनमध्ये बाबा, आणि खाली गच्चीवर त्या धुडाच्या खाली हात वर करून इशारे देणारे शिट्टीकाका. आपल्याला खांद्यावर बसवून फिरवणारे शिट्टीकाका. बाबा वर आणि ते खाली, असं त्यांचं आयुष्य गेलं. बाबा पूर्वीपासून म्हणतात, लिव्हरला खाचा असतात, बारीक कंप लागत नाही. नेहमीच्या कामाला नसेलही लागत. पण बोल्टांवर उतरवताना बोटभर हलवायचं असतं. तेव्हा कोण कुठे बोटं घालून उभं असतं, हे बाबांनीच आपल्याला सांगितलंय.

तू बोलला होतास. निघायच्या आदल्या संध्याकाळी, पाण्याचा पेला त्यांच्या हातून सांडला तेव्हा. "बाबा, हात दाखवून घ्या डॉक्टरला," एवढंच म्हणालास. त्यांनी तुला घराबाहेर काढलं आणि मी मूग गिळून बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी तुलाच म्हणाले, "जाताना तरी त्यांचा अपमान करू नकोस." तू बरोबर होतास. लिहिते पुन्हा, तू बरोबर होतास.

आणि आता मला एक खरं सांग. ही स्टिक तू मुद्दाम पाठवलीस ना? जुनीची स्प्रिंग तुटलीय हे तुला माहीत होतं, साधी स्टिकही पाठवता आली असती. तू ती पाठवलीस जी हाताचं सगळं दाखवते. तू तोंडाने पुन्हा बोलणार नव्हतास, म्हणून एक यंत्र पाठवलंस, आणि मी त्याचं तोंड बांधलं.

बोटीवरचा तो आकाशातून लागणारा फोन कोणी मेलं-बिलं तरच करायचा असतो, असं तूच सांगितलं होतंस. अजून कोणी मेलेलं नाही. म्हणजे तुला फोन करता येणार नाही, मी एकटीच आहे. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा गुरुवार होऊन गेलेला असेल. इंजिनिअरबाईंना जाऊन सांगावं असं शंभर वेळा मनात आलं. पण मग ते त्यांच्या साइटवर, त्यांच्या माणसांसमोर होईल. ते बाबांना सोसणार नाही. आधी मी घरात सांगणार. ऐकलं नाही तर बाईंकडे जाणार, मग भले मलाही घराबाहेर काढोत.

आज ते आले की डॅम्पर काढते. हात माझाच थरथरतोय आता, अक्षर बघ.

तुझी घाबरट,
ताई

———

२० नोव्हेंबर

प्रिय ढब्बू,

आशीर्वाद. आधीच सांगते, सगळे जिवंत आहेत, धडधाकट आहेत. आता श्वास सोड आणि सावकाश वाच.

त्या दिवशी मी डॅम्पर काढला खरा, पण बोलायची हिंमत झाली नाही. बाबा बसले, उडाले. समोर शत्रूचं विमान आलं आणि नेम असा नाचायला लागला की गोळ्या सगळ्या आभाळात. "पुन्हा बिघडली," बाबा म्हणाले. "जरा दुरुस्त कर गं."

मी उभीच राहिले.

"अगं, कर ना. मागच्या वेळी काय केलं होतंस ते कर."

"बाबा, मागच्या वेळी मी दुरुस्त नव्हती केली. तुमचा हात दिसू नये असं केलं होतं."

ते वळले नाहीत. पडद्यावर त्यांचं विमान सरळ चाललं होतं, कोणीच चालवत नसल्यासारखं. मग डोंगर आला आणि सगळं लाल झालं.

"धर," ते म्हणाले. मी चौकट उघडली आणि मूठ धरली. फुली स्थिर. "सोड." मग मी ती प्लास्टरची पिशवी बांधून दाखवली. तेव्हाही स्थिर. मग त्यांनी पिशवी स्वतः सोडवली. गाठ सुटेना, मी पुढे झाले तर माझा हात बाजूला केला. शेवटी सुटली. त्यांनी मूठ धरली आणि फुलीकडे बघत बसले. दुसऱ्या हाताने मनगट आवळून धरलं. फुली थोडी कमी हलली, पण हलली. मला रडू आवरेना. मी म्हटलं, "बाबा, खाली शिट्टीकाका असणार आहेत."

तेव्हा भडकले. "तीस वर्षं तोच आहे खाली! त्याच्या केसाला धक्का लागलाय का कधी? तूही आता तुझ्या भावासारखीच बोलायला लागलीस. दोघं मिळून मला खाली उतरवा, खुर्चीत बसवा, शाल टाका अंगावर!" भिंतीतला प्लगच उपटला त्यांनी. खोलीत गेले आणि कडी लावली. जेवले नाहीत. मीही नाही.

पुढचे दिवस आम्ही एका घरात असे वावरलो, जसे भाडेकरू. "पाणी आलं", "दूध संपलं", बस. बुधवारी मी दारातून म्हटलं, "उद्या सकाळपर्यंत तुम्ही बाईंना सांगा, नाहीतर मी सांगणार."  गुरुवारी मला जाग आली तर ते निघून गेलेले, डबा ओट्यावर तसाच.

मी चपला पायात सरकवल्या आणि पळत सुटले. लॅबला कळवलंसुद्धा नाही. साइटवर पत्र्याचं कुंपण आहे, दाराशी रखवालदार. त्याने सोडलं नाही. "वजन वर गेलंय ताई, आता कुणालाच आत सोडायचं नाही." मी म्हटलं, इंजिनिअरबाईंना बोलवा. तो म्हणाला, वजन खाली टेकेपर्यंत त्या कुणाशी बोलणार नाहीत. उशीर झाला होता. 

पत्र्याच्या फटीतून वर बघितलं. ते धूड गच्चीच्या वर लटकत होतं, हळूहळू फिरत. केबिनच्या काचेवर ऊन, आत कोण आहे काही दिसेना. ओरडावंसं वाटलं, पण ओरडून काय करणार, वर कुणी दचकलं तर? मी तोंडात पदर कोंबला आणि बघत राहिले. धूड थांबलं. बोटभर खाली आलं. पुन्हा थांबलं. एकदा डावीकडे झुललं. मला आठवलं, गच्चीवर शिट्टीकाका असतील, त्यांना शोधलं. त्या धुडाच्या सावलीत नारिंगी जाकीट घालून एकच माणूस उभा होता. एक हात खिशात, दुसऱ्या हातात वॉकीटॉकी, तोंडाशी धरलेला.

शिट्टीकाका वॉकीटॉकीवर काम करत नाहीत. ते हातवारे करतात आणि शिट्टी मारतात, म्हणून तर ते शिट्टीकाका.

आणि तसं एका पायावर भार टाकून या जगात एकच माणूस उभा राहतो.

ढब्बू, खाली बाबा होते रे. त्या धुडाच्या खाली आपले बाबा होते, आणि वर चष्मेवाला.

इतके दिवस मी शिट्टीकाकांसाठी घाबरत होते, ती भीती काहीच नव्हती असं वाटलं. धूड उतरत होतं आणि मी पत्रा धरून उभी होते. त्या पत्र्याने तळहात कापला ते मला घरी आल्यावर दिसलं. ते उतरलं. थांबलं. बाबा वाकले, बोल्ट बघितले, काहीतरी बोलले. ते केसभर सरकलं आणि टेकलं. मग बाबांनी खिशातला हात काढला आणि त्या लोखंडावर दोनदा थाप मारली.

दार उघडल्यावर पहिले शिट्टीकाका बाहेर आले, तणतणत. "तुझ्या बापाने माझी जागा घेतली आज! सकाळी शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, उभा राहिला, आणि काढून घेतला. बाईंना म्हणाला, वर चष्मेवाला जाईल, खाली मी. कारण विचारलं तर म्हणे, माझा हात थरथरतो. सगळ्यांसमोर! मला म्हणाला, तू आज कुंपणाला टेकून चहा पी." आणि मग तिथेच कुंपणाला टेकून काका रडले. तीस वर्षांत मी त्यांच्या डोळ्यांत पाणी बघितलं नव्हतं.

घरी येताना मी बाबांना विचारलं, "काकांनाच का नाही उभं केलंत? तुम्हीच कशाला गेलात खाली?"

"चष्मेवाला माझ्या शब्दावर वर गेला होता. त्याचा हात चुकला असता तर खाली मीच असायला हवं होतं." मग थोडं चालल्यावर म्हणाले, "आणि वॉकीटॉकीला हात हलला तर चालतं."

डॉक्टरची वेळ सोमवारची घेतलीय. काय निघेल मला माहीत नाही, भीती वाटतेच आहे. बाबा आत्तापासून "डॉक्टरला काय कळतं" म्हणताहेत, पण शर्ट इस्त्रीला टाकलाय. क्रेनवर पुन्हा चढायचं नाही असं त्यांनी बाईंना स्वतःच सांगितलं. ते सांगून आल्यावर बराच वेळ खिडकीशी उभे होते. तिथून क्रेनचं टोक दिसतं. मी त्यांना हाक मारली नाही.

आज मात्र मला म्हणाले, "तो प्लग लाव." डॅम्पर शून्यावर. धडाधड तीनदा डोंगरात गेले. चौथ्यांदा मूठ दोन्ही हातांनी धरून शत्रूच्या मागे लागले आणि पाडला एक! मला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाले, "बरं झालं मेला." नंतर मी हे पत्र लिहायला बसले, तर पाठीशी येऊन उभे.

"मागे त्याला लिहिलं होतंस ना, डिफेक्टिव्ह माल आहे म्हणून?"

"तुम्हीच सांगितलं होतं."

"आण तो कागद इकडे. तुझं झालं की."

माझं झालंय. पुढच्या ओळी त्यांच्या हातच्या. अक्षर लागायला वेळ लागेल, दमाने वाच. त्यांनाही लिहायला वेळ लागतोय, मी शेजारी बसून छताकडे बघतेय. मदत करू का, असं मी विचारलेलं नाही.

तुझीच,
ताई

स्टिक चांगली आहे. दोष तिच्यात नव्हता.
बोट लागली की घरी ये.
बाबा